दुमडलेला दोरा

धाकट्या अंतूनच्या बाप्तिस्म्याला पंधरा दिवस उरले होते आणि पाश्कूचा मोडलेला उजवा हात फळीला बांधलेला होता. बाळाची शाल या वेळी थोरली लेक लोशा विणणार, हे घरात ठरलंच होतं. आठ वर्षांची लोशा पट्टे, पिशव्या छान विणायची. पण ते खेळण्यातल्या मागावर. त्यावर दोरा सरळ ताणलेला असतो; दिसतो तेवढंच कापड होतं. मोठ्या कापडाचा ताणा, म्हणजे उभे दोरे, मात्र भोकांत खुंट्या ठोकलेल्या ओंडक्यावर लागतो, आणि त्याला लोशाने कधी हात लावला नव्हता.

आज सकाळी तिनेच विचारलं, "आई, ताणा मी लावू?"

विचारलं की द्यायचं, आणि दिलं की मध्ये बोलायचं नाही, ही इथली रीत. पाश्कूने ओंडका अंगणात ओढून दिला आणि तिच्या आईने मरण्यापूर्वी कातून ठेवलेला पांढरा दोरा टोपलीतून काढला. एका शालीपुरताच होता तो.

लोशाने जुनी शाल ओंडक्यावर अंथरली, ती संपली तिथल्या भोकात दूरची खुंटी ठोकली आणि दोरा फिरवायला लागली: जवळच्या खुंटीपासून दूरच्या खुंटीपर्यंत, तिला वळसा, आणि परत शेजारच्या खुंटीशी.

पाश्कूला चूक दिसली. ओंडक्यावरून काढला की तो वळसा उघडणार, ताणा दुप्पट लांब होणार. अर्ध्या रुंदीलाच दोरा संपेल. सगळा उकलून पुन्हा लावावा, तर हातकताईचा दोरा तेवढ्यात विसविशीत होतो.

"वहिनी, डोळे मिटलेस की काय?" नणंद काताल मका सोलता सोलता कुजबुजली. "खुंटी बघ कुठे ठोकलीय. पोरीच्या हौसेपायी बाळाला चिंधीत गुंडाळून बाप्तिस्म्याला नेशील. दे, मी लावते."

"वन्सं, थांबा जरा."

"थांबते की. माझ्या लेकीला, मलालला चौदा वर्षं सांभाळतेय, थांबायची सवय आहे मला. परवा म्हणते, माणसाला तीन हात असते तर माग कसा असता? मी म्हटलं, आहेत त्या दोन हातांनी आधी भांडी घास!"

पाश्कू हसली, पण नजर खुंटीवरच होती. तीही आठ वर्षांची असताना इथेच चुकली होती. मावशीने हातातला दोरा काढून घेतला, सगळे हसले, आणि पुढची दोन वर्षं तिने ओंडक्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

लोशाचे तीन फेरे झाले. चौथा सुरू होणार, तेवढ्यात ओसरीवर अंतूनने आपला लाल दोऱ्याचा गुंडा भिरकावला. दोऱ्याचं टोक त्याच्या मुठीतच राहिलं. गुंडा घरंगळत गेला, मधल्या खांबाला वळसा घालून परत आला आणि त्याच्याच शेजारच्या टोपलीखाली शिरला. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत गुंडा दिसेनासा झाला की अंतूनच्या लेखी तो जगातूनच गेलेला असायचा. आज तो रांगत गेला आणि त्याने टोपलीची कड उचलली.

"अगं बाई!" काताल म्हणाली. "याला कळलं की!"

लोशाच्या चार वर्षांच्या बहिणीने, तोनिकने गुंडा पटकावला, खांबावरचा वेढा सोडवला आणि उलट्या दिशेने पार कुंपणापर्यंत पळाली. दोरा अंगणभर ताणला गेला.

"ताई, बघ! दोरा वाढला!"

"वाढेल कसा, वेडाबाई? तेवढाच आहे. आधी दुमडला होता, म्हणून..."

लोशा थांबली. तिने खांबाकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं, मग ओंडक्याकडे. कातालने तोंड उघडलं, तर पाश्कूने डाव्या हाताने तिचा गुडघा दाबून धरला.

लोशाने हलक्या हाताने तीन फेरे उकलले. जुनी शाल घेतली, टोकाला टोक जुळवून दुमडली आणि ओंडक्यावर ठेवली. घडी संपली तिथे खुंटी ठोकली.

दुपारपर्यंत ती फेरे मोजत राहिली. दोरा बरोबर पुरला, वर हातभर उरला. ताणा उतरवून तिने शालीशेजारी पसरला. लांबी जुळली.

मघापर्यंत जे या मुलीच्या डोक्यात नव्हतं, ते आता होतं, आणि ते कुणीही तिथे ठेवलेलं नव्हतं. ओसरीवर अंतून पुन्हा पुन्हा टोपली उचलून बघत होता. गुंडा दर वेळी तिथेच असायचा आणि दर वेळी त्याला नवल वाटायचं.

"पोरीने केलं गं," काताल हळूच म्हणाली. मका तिच्या ओच्यात तसाच पडला होता.

लोशा मात्र ओंडक्याकडेच बघत होती.

"आई, परत येताना दोरा अजून एका खुंटीला वळवला, तर आखूड ओंडक्यावरसुद्धा लांब कापड होईल?"

वीस वर्षं पाश्कू ताणे लावत होती. हे तिने कधी मनातही आणलं नव्हतं.

"मला नाही माहीत, बाळा," ती म्हणाली, आणि डाव्या हाताने ओंडका पुन्हा लोशाकडे सरकवला.