हात वर

"चपला बाहेर, पालकही बाहेर," पद्मजाबाई म्हणाल्या. "आणि खिडकीतून खाणाखुणा केल्यात तर पोरगीही बाहेर."

वैष्णवी निमूटपणे पायरी उतरली. सदाशिव पेठेतल्या दाताच्या दवाखान्यात सहा वर्षं रिसेप्शनवर बसल्यामुळे असल्या बोलण्याचं तिला काही वाटत नसे. जिम्नॅस्टिक्सचा हा क्लब दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत होता. तिची संध्याकाळची ड्यूटी आणि इथल्या मुलींचा सराव, दोन्हींची वेळ एकच. प्रवेश मिळाला तर लेकीला, मैनाला, येताना आणायचं, जाताना न्यायचं. सगळं इतकं जुळून येत होतं की तिला भीतीच वाटायला लागली होती. आज मात्र ती घरी खोटं बोलून आली होती. मैनाचा हलणारा दात डॉक्टरांना दाखवायचाय म्हणून.

नको म्हटलं होतं तरी ती खिडकीतून बघत होतीच. सात वर्षांची मैना धायरीच्या घरात सोफ्याच्या पाठीवरून चालायची, फाटकाला उलटी लटकायची, आणि आजी सरुबाई तिला लाडानं 'माकडीण' म्हणायची. इथे मात्र ती पहिल्याच कोलांटीला वाकडी पडली आणि कंबर चोळायला लागली.

"ऊठ," बाई म्हणाल्या. "पाय जोड. हात वर. पडायला माझी हरकत नाही, पण शेवट नीट करायचा. आणि मी 'हं' म्हणेपर्यंत हात खाली आणायचे नाहीत."

मैना हात वर करून उभी राहिली. बाईंनी दुसऱ्या एका मुलीची वेणी बांधून दिली, तिसरीला रागावल्या, सावकाश पाणी प्यायल्या. मैनाचे हात थरथरायला लागले, पण खाली आले नाहीत. मग बाई वळल्या, तिला पायापासून बोटांच्या टोकापर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हं."

तेव्हाचा मैनाचा चेहरा वैष्णवी बघतच राहिली. घरी दिवसभर कौतुकच चालायचं त्या पोरीचं, पण असं कुणी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. खरं तर वैष्णवीकडेही.

"पोर घेते मी," बाहेर येऊन बाई म्हणाल्या. "सोमवारपासून. रोज. बारसं, डोहाळजेवण, मामाचं लग्न, काही ऐकून घेणार नाही."

"घरी विचारून सांगते, बाई."

"का? घरचेही येणारेत उड्या मारायला?"

वैष्णवी हसली खरी, पण तो प्रश्न तिला चांगलाच लागला. तिच्या सासरी छळ नव्हता. कुणी कधी आवाज चढवला नव्हता. फक्त फरशी कुठली, तिच्या स्कूटरचा रंग कुठला, मैनाची शाळा कुठली, हे सगळं चुलतसासरे सोनबाआबा आणि मंडळी ओट्यावर बसून ठरवायची, आणि भल्यासाठीच ठरवायची. नोकरीलाही त्यांनीच हो म्हटलं होतं. माहेरच्यांना तिचा हेवा वाटे. असल्या घरात तक्रार करायची तरी कशाची?

सिंहगड रस्त्याच्या गर्दीत तिनं वाक्यं जुळवली. आधी नवऱ्याशी बोलायचं, मग सासूबाईंशी. आबांना शेवटी, चहा झाल्यावर. मागे मैनाची बडबड थांबत नव्हती. धायरीत शिरताना चौकात गाडी अडकली, आणि मैना किंचाळली, "आई, मी!"

चौकात दुमजली उंचीचा फ्लेक्स लागला होता. त्यावर गॅदरिंगच्या कपड्यातली मैना. शेजारी हात जोडून तिचा काका इंद्रजीत. खाली शुभेच्छुकांची मुंडकी, सोनबाआबांचं सगळ्यात मोठं. 'इंद्रजीत जिम्नॅस्टिक अकॅडमी. भव्य उद्घाटन. आमची पहिली विद्यार्थिनी, आमची लाडकी मैना.'

मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून डोकं उठवलं, तेव्हा कुठे वैष्णवीनं गाडी हलवली.

"सरप्राइज, वहिनी!" इंद्रजीत दारातच उभा होता. विकून उरलेल्या जमिनीवर बांधलेला घरचा लग्नाचा हॉल तोच बघायचा. "मॅट आणल्यात, जिममधला आपला ट्रेनर हाय. म्हटलं मैनीला उड्यांचं एवढं येड हाय, तर घरातच करू ना. खास तिच्यासाठी."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यानं ते पोरीवरच्या मायेनंच केलं होतं. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

"भाऊजी, पेठेतल्या बाई तिला घेतो म्हणाल्यात," वैष्णवी म्हणून गेली. "तिथं शिकवतात चांगलं. माझ्या कामाच्या मागेच आहे."

ओट्यावर बसलेल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. दाताची थाप उघडी पडली होती, पण त्याबद्दल कुणी बोललं नाही. ते जास्त वाईट होतं.

"पोरी," सोनबाआबा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आपलंच हाटेल, आन आपणच दुसरीकडं जेवाया जायचं? लोकं काय म्हनतील इंद्राला? चौकात फोटो लागलाय तिचा."

"डोळ्यांम्होरं ऱ्हाईल की," सरुबाई म्हणाल्या. "त्या गर्दीतनं रोज कशापायी न्यायची?"

वैष्णवीनं नवऱ्याकडे पाहिलं. सोमनाथ मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "उद्घाटन होऊ दे. मग बघू."

त्या घरात 'मग बघू'चं पुढे काय होतं ते तिला पाठ होतं.

रविवारी हॉलवर उद्घाटन झालं. आदल्या दिवशीच्या लग्नाच्या अक्षता झाडायच्या राहिल्या होत्या, त्यांच्यावरच मॅट अंथरल्या होत्या. निवेदकानं मैनाचं नाव पुकारलं. तिनं धावत येऊन कोलांटी मारली. सरळ, गोल, नेटकी. तळव्यांना अक्षता चिकटल्या होत्या. तिनं पाय जोडले, हनुवटी उचलली आणि दोन्ही हात वर केले.

नेमका तेव्हाच प्रमुख पाहुण्यांचा सत्कार सुरू झाला. शाल आली, श्रीफळ आलं, फेटा बांधणारा आला. माइकवर एकामागून एक नावं सुरू झाली. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. स्टेजच्या कोपऱ्यात मैना तशीच उभी होती. हात थरथरत होते, नजर समोर.

बायकांच्या रांगेत वैष्णवीच्या हातात औक्षणाचं ताट होतं. निरांजन विझू न देता ती स्टेजपाशी गेली आणि हळूच म्हणाली, "हं. मैना, हं."

मैनानं हनुवटी न हलवता तिच्याकडे पाहिलं. "तू नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात इंद्रजीतचं लक्ष गेलं. "आरं बघा, चॅम्पियन कशी उभी हाय!" म्हणत त्यानं तिला खांद्यावर घेतलं. फोटोग्राफर धावला. टाळ्यांचा कडकडाट झाला. काकाच्या खांद्यावरसुद्धा पोरीचे हात वरच होते.

पद्मजाबाईंना कळवायचं वैष्णवीच्यानं झालं नाही. ती आता मागची गल्ली टाळून लांबच्या वळशानं दवाखान्यात जाते. लग्नाची तारीख नसेल त्या दिवशी मैना काकाच्या हॉलवर खेळते. कोलांटी झाली की पळत जाऊन काकाकडून चॉकलेट घेते. हात वर करत नाही. वैष्णवीनं एकदा आठवण करून दिली, तर म्हणाली, "इथं नाही लागत तसं, आई."

जुना फ्लेक्स उतरला आणि नवा चढला. 'प्रवेश सुरू.' त्यावर खांद्यावरचा तो फोटो आहे. पोरगी जिंकल्याच्या आनंदात हात उंचावून बसलीय, असं सगळ्यांना वाटतं. सरुबाई येत्याजात्याला दाखवतात.

दुपारी कामाला निघालेल्या वैष्णवीची स्कूटर त्याच्याखालीच अडकते. ती मान वर करते. गाडीच्या आवाजात कुणाला ऐकू जायचा प्रश्नच नसतो, तरी आधी आजूबाजूला बघून घेते. मग म्हणते, "हं."