पाच घोडे, पाच मुडदे

मी नवऱ्याला चाळीस वर्षं सांगत आले, की तुझ्या घराण्यात दरोडेखोर होता हे चारचौघांत मिरवू नकोस. पण ऐकेल तर तो हार्लन पिकेट कसला! लोक पोरांच्या नोकरीचं कौतुक सांगतात, हा पणजोबाच्या दरोड्याचं सांगतो. निवृत्त झाला तसा त्याने एक जुनी कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली आणि मला तिच्यात घालून दरोडेखोरांची गावं पालथी घालायला लागला. इथे अमक्याला फाशी दिलं, तिथे तमका गुहेत लपला. जेवण म्हणजे घडीच्या खुर्चीत बसून बीन्स आणि सॉसेज, आणि मुक्काम कुठल्यातरी गावच्या जत्रेच्या मैदानात.

या वर्षी तर कहरच केला त्याने. आमच्या पलंगाखाली थडग्याचा दगड होता.

काळा ग्रॅनाइट, चांगला दीड मण वजनाचा. त्यावर कोरलं होतं, ‘एझ्रा पिकेट, १८९४. आता विसावा घे.’ नेब्रास्कापासून कॅन्ससपर्यंत मी त्या दगडावर झोपत आले. प्रत्येक खड्ड्याला तो खालून ठोसा द्यायचा.

“हार्लन, तुझा पणजोबा कूस बदलतोय रे,” मी म्हणायचे.

“चेष्टा करू नकोस व्हर्नेल,” तो म्हणायचा. “सव्वाशे वर्षं बिनानावाचा पडलाय बिचारा.”

बिचारा म्हणे! कॉटनक्रीकच्या बँकेवर चौघांबरोबर चालून गेला आणि भर रस्त्यात गोळ्या खाऊन मेला. पण हार्लनला त्याच्या कबरीवर नाव हवं होतं. मरत्या बापाला त्याने तसा शब्द दिला होता. तीन वर्षं पत्रं लिहून लिहून त्याने त्या गावच्या लोकांना वात आणला, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. तीही एका अटीवर. तिथे दर ऑक्टोबरात त्या दरोड्याचं सोंग होतं, आणि रीत अशी की ज्याच्या पूर्वजाने गोळी झाडली त्याच्याच वंशजाने बंदूक धरायची. दरोडेखोरांचं मात्र कोणी येत नाही, ती सोंगं भाड्याची माणसं काढतात. तेव्हा हार्लनने यंदा स्वतःच्या पणजोबाचं सोंग घ्यायचं आणि गावासमोर मरून दाखवायचं. हार्लन एका पायावर तयार झाला. बाहत्तर वर्षांचा घोडा, आरशासमोर मरायचा सराव करत होता.

सोंगाच्या सकाळी आम्ही गावच्या संग्रहालयात गेलो. ते एका जुन्या पशुखाद्याच्या दुकानात होतं. दार उघडलं आयडाबेल क्रॉफ्टबाईंनी. वय अठ्ठ्याऐंशी, काठी हातात, पण जीभ तिच्याहून टणक.

“तू पिकेट का? ये. तुझ्या माणसाचं निदान थडगं तरी आहे,” त्या म्हणाल्या.

हार्लन वरमला. मला राहवलं नाही, विचारलं, “असं का म्हणता हो बाई?”

“माझे आजोबा लायनस क्रॉफ्ट त्याच दिवशी गावात अंडी विकायला आले, ते परत गेलेच नाहीत. बँकेची पैशांची एक पिशवीही त्याच दिवशी गायब झाली. मग काय, गावाने दोन आणि दोन चार केले. गोंधळात पिशवी उचलून बायको-पोराला टाकून पळाला म्हणे. माझे वडील तेव्हा वर्षाचे होते. मरेपर्यंत ‘चोराचं पोर’ म्हणवून घेतलं त्यांनी. मी शाळेत असताना माझ्याही डब्यात पोरं अंड्यांची टरफलं टाकायची.” त्या म्हणाल्या, “मी इथे चाळीस वर्षं झाडू मारतेय ते एवढ्यासाठीच, की कुठेतरी काहीतरी सापडेल.”

“आणि सापडलं काही?” हार्लनने विचारलं.

“धूळ,” त्या म्हणाल्या.

त्या काळी मेलेल्या दरोडेखोरांना फळ्यांना टेकवून उभं करत आणि फोटो काढून पोस्टकार्डं विकत. हार्लनकडे ते पोस्टकार्ड होतंच, बोटभर चेहरे, छातीपाशी कापलेलं. पण यंदा कोणाच्या तरी माळ्यावर त्या फोटोची मूळ काच सापडली होती, आणि गावाने तिचा भिंतभर फोटो करून आदल्याच दिवशी टांगला होता. पाच माणसं, डोक्यापासून बुटापर्यंत, हात पोटावर बांधलेले.

हार्लनने टोपी काढली. “हे आमचे,” तो पाचव्याकडे बोट करून म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे.

मी त्या पाचव्याचे हात बघितले आणि आणखी जवळ गेले.

एझ्राची डाव्या हाताची दोन बोटं मळणीयंत्रात गेली होती. दरोड्याच्या कितीतरी आधी. लग्नाच्या फोटोत तो थोटा पंजा खुर्चीवर ठेवून बसलाय, तो फोटो आमच्या जेवणाच्या टेबलाच्या वर भिंतीला लटकतो. मी मोजली. परत मोजली. दहा बोटं.

“हार्लन,” मी म्हटलं, “हा तुझा पणजोबा नाही.”

“वेड लागलंय का तुला?”

“बोटं मोज.”

त्याने मोजली. मग चष्मा पुसून मोजली. त्याचं तोंड उघडलं ते मिटेचना.

“मग कोण आहे हा?” तो पुटपुटला.

मागे काठी पडल्याचा आवाज आला. आयडाबेलबाई फोटोला नाक लावून उभ्या होत्या. आदल्या दिवशी टांगताना त्यांनी शिडी धरली होती, तोंडाकडे बघितलं होतं, पोटाकडे नाही. त्या माणसाच्या जाकिटाच्या खिशावर गोधडीचा एक चौकोन शिवला होता. मधे तारा, चारी कोपऱ्यांत बदकाची पावलं. बाई वळल्या आणि त्यांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथे त्यांच्या आजीची गोधडी टांगलेली होती. चौकोनाचौकोनात तारा आणि बदकाची पावलं, आणि खालच्या कोपऱ्यातला एक चौकोन नव्हता.

“आजी म्हणायची, यांचा खिसा फाटला होता, त्याला लावला,” त्या म्हणाल्या. आवाज एवढासा झाला होता. “आजी शेतावर होती हो. संध्याकाळच्या आत पुरून मोकळे झाले सगळे. बायकांना बघूसुद्धा दिलं नाही.”

“पण गावाने ओळखलं नाही?” मी जवळजवळ ओरडलेच.

“चेहऱ्यावर गोळ्या लागल्यात, बघा ना. आणि बघायचं कशाला? पाच घोडे, पाच मुडदे. हिशेब जुळला.”

काय झालं असेल ते सांगायला कोणी लागलंच नाही. आमच्याकडे अजूनही कोणी परका म्हणाला ‘जरा घोडा धरता का’, तर माणूस धरतो. लायनसने धरले असतील. आणि गावाने घोडे धरणारा बघून गोळ्या घातल्या. एझ्रा त्या गोंधळात पिशवी घेऊन पायीच सटकला असेल.

हार्लन मटकन बाकावर बसला. त्याच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही समोर तेच आलं. सासऱ्यांच्या गोष्टींतला जेसकाका. हार्लनच्या ‘विधवा’ पणजीकडचा गडी. जेवतानाही डाव्या हातातला मोजा न काढणारा. त्या मोज्याची दोन बोटं चिंध्या भरून फुगवलेली होती आणि हार्लनचा बाप लहानपणी ती दाबून खेळायचा. दरोड्याच्या दुसऱ्याच वर्षी त्या विधवेने एकशे साठ एकर रोखीने घेतले, आणि तिसऱ्या वर्षी हार्लनचा आजोबा जन्मला! यावरून मी चाळीस वर्षं हार्लनला चिडवत आले, की तुझी पणजी तीन वर्षं गरोदर होती का रे? तो म्हणायचा, कारकुनाची चूक.

“व्हर्नेल,” हार्लन म्हणाला, “आपण ज्या शेतावर राहतो...”

“गप्प बस,” मी म्हटलं. पण तो गप्प बसला नाही. त्याने आयडाबेलबाईंना सगळं सांगितलं, मोज्यासकट, शेतासकट. माझी लाज घालवून झाल्यावर तो म्हणाला, “पिशवी आमच्याकडे होती बाई. तुमच्या वडिलांना जे बोलले ते आमचं होतं.”

मला वाटलं म्हातारी काठी हाणणार. आणि हाणली असती तर मी अडवलं नसतं. पण त्या म्हणाल्या, “बारा वाजता सोंग आहे तुझं. जा.”

“मी नाही करणार ते.”

“तुला मरायचंय ना? मग योग्य माणसाचं मरण मर.”

बाराला सगळा गाव दोरीच्या मागे उभा होता. बँकेतून चौघे तोंडं बांधून धावत आले. हार्लनच्या हातात पिस्तूल नव्हतं. त्याने काळा कोट काढून टाकला होता आणि पाचही घोड्यांचे लगाम धरून तो रस्त्याच्या मधोमध उभा होता. त्याने एक हात वर केला.

“मी लायनस क्रॉफ्ट!” तो ओरडला. “मी अंडी विकायला आलोय! मी फक्त घोडे धरलेत!”

हार्डवेअरच्या दुकानातून पणतवंडांनी बंदुका रोखल्या होत्या. त्यांना कोण काय ओरडतंय याच्याशी काय घेणं? खोट्या काडतुसांचा धडाधड आवाज झाला आणि हार्लन पडला. इतके दिवस आरशासमोर हात फेकून पडायचा, ते काही केलं नाही त्याने. गुडघ्यावर बसला आणि आडवा झाला, लगाम मुठीत तसेच. कर्ण्यावर आवाज आला, “आणि हा पडला नराधम एझ्रा पिकेट!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवा! सव्वाशे वर्षं हेच.

आयडाबेलबाई दोरीखालून वाकून आत गेल्या. कोणीतरी म्हणालं, “मावशी, अहो थांबा, सोंग चालू आहे!” त्या थांबल्या नाहीत. हार्लनपाशी जाऊन काठीच्या आधाराने हळूहळू धुळीत बसल्या. टाळ्या विरळ झाल्या, मग बंद झाल्या. बाईंनी त्याची मूठ हातात घेतली आणि एकेक बोट उघडलं.

“द्या इकडे आजोबा,” त्या म्हणाल्या. “फार वेळ धरलेत.”

आणि पाचही लगाम त्यांनी आपल्या हातात घेतले.