निळ्या फाटकांची गल्ली

“दुकानामागची दुसरी गल्ली. निळं फाटक. दाराशी बरेच जोडे दिसतील. सरळ आत यायचं, कुणी काही विचारणार नाही.” फोनवरच्या माणसाने एवढंच सांगितलं होतं. एक गोष्ट मात्र तो विसरला होता. बिश्केकच्या कडेच्या या वसाहतीत सगळीच फाटकं निळी.

जिपार गल्लीच्या तोंडाशी उभी होती. कोळशाच्या धुराने दुपारीच अंधारून आलं होतं. कोटाच्या खिशात घातलेले हात थरथरायचे थांबत नव्हते. सकाळपासून तिने घेतली नव्हती.

नवरा एर्निस रशियात बांधकामावर होता. मागे एकदा फोनवर पाच वर्षांच्या सेझिमने त्याला हौसेने सांगून टाकलं होतं, “बाबा, आई बाटलीतलं पाणी पिते आणि शिलाई मशीनवरच झोपते.” तेव्हा तो काही बोलला नाही. काल बोलला.

“आईला अजून कळू दिलं नाहीये मी. दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते म्हणतात, तिथं जा. नाही गेलीस तर आई येऊन पोरीला गावी, नारिनला नेईल. आणि एकदा नेली की परत मागायची नाही.”

पहिल्या नातवंडावर आजीचा हक्क. त्याला कुणी अन्याय म्हटलं नसतं.

तिसऱ्या फाटकाशी जोडे होते, चांगला ढीगभर. जिपारने आपले बूट त्यांच्यात सारले आणि ती आत गेली. जमिनीवर अंथरलेल्या जेवणाच्या दस्तरखानाभोवती माणसं माना खाली घालून बसली होती. कुणी वर पाहिलं नाही. दोन बायका सरकल्या, तिला जागा झाली. नाव नाही, गाव नाही. फोनवरचा माणूस म्हणाला होता तसंच.

एक आडदांड माणूस बोलत होता. “शेवटी शेवटी मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. फार चुकलं माझं. आता लाज वाटते, बस.” त्याने टोपीने डोळे पुसले.

“बोललास ते बरं केलंस,” समोरचे पांढऱ्या दाढीचे आजोबा म्हणाले. मग ते जिपारकडे वळले. “तू बोलतेस का, पोरी? मनात असेल ते बोल.”

जिपारला उठून जावंसं वाटलं. पण आता उठली तर परत कधी येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“मी जिपार. मी दारू पिते. सकाळी पोरीची वेणी घालताना हात कापतात, म्हणून आधी घोट घेते, मग वेणी घालते. मागे तिला बालवाडीतून आणायचंच विसरले. राखणदाराने तिला आपल्या खोलीत बसवून ठेवलं होतं. ती रडलीसुद्धा नाही हो. तिला सवय झालीय. माझ्याकडून थांबत नाही. कसं थांबवायचं ते सांगा मला.”

दोन बायकांनी डोकी जवळ आणली.

“ही कुणाकडची?” एक बाई कुजबुजली.

“मला वाटलं, तुझ्या माहेरची.”

आजोबा हलकेच म्हणाले, “पोरी, आम्हाला वाटलं, तू आमच्या बेकतूरबद्दल दोन शब्द बोलशील. तो गेल्याला आज चाळीस दिवस झाले, त्याचा हा चाळिसावा.”

जिपारला आता फळीवरचा फोटो दिसला. आलेल्याला आधी जागा द्यायची आणि नाव मागाहून विचारायचं, ही तर साऱ्या किरगिझ घरांची रीत. तिच्या आईच्या घरचीही.

तेवढ्यात किटली घेतलेली एक बाई पुढे झाली. “अगं, तू नारिनच्या साइरागुलची सून ना? तुझ्या लग्नात डोक्याला पांढरा रुमाल मीच बांधला की! बाई गं! साइरागुलला माहीत आहे का हे?” आणि तिचा हात फोनसाठी खिशाकडे गेलासुद्धा.

जिपार कशीबशी बाहेर आली. बूट घालताना बंद बांधता येईनात. मागोमाग आजोबा आले.

“त्या लोकांचं घर पुढं आहे, शाळेच्या भिंतीला लागून. फाटक निळंच.” ते थोडे घुटमळले. “आतल्या बायकांची तोंडं काही मला धरता येणार नाहीत. तू जा.”

गल्लीत आल्यावर पाय आपसूक दुकानाकडे वळले. तिथे दारू पेलाभरही मिळायची. आता कशासाठी थांबायचं? चहा निवायच्या आत बातमी नारिनला पोचणार होती. दुकानाच्या पायरीवर ती थांबली आणि तिने सासूबाईंना फोन लावला.

“आई, मी जिपार.”

“बोल गं. पोर बरी आहे ना?”

“बरी आहे. शेजारी ठेवलीय. आई, मी दारू पिते. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगतेय.”

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“खूप पितेस?”

“हो.”

“आत्ता प्यायलीस?”

“नाही. सकाळपासून नाही.”

“मग आत्ताचं बोलणं खरं धरते.”

“तुम्ही या आणि सेझिमला घेऊन जा. एर्निसला मी सांगेन, मीच म्हटलं म्हणून.”

सासूबाईंनी बादली बाजूला सरकवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, “रविवारी येते. तिचे गरम कपडे बांधून ठेव. झोपताना दिवा लागतो का तिला?”

“दिवा नाही लागत. कान धरून झोपते.”

“कुणाचा?”

“माझा.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. फोन बंद झाला.

शाळेच्या भिंतीलगतच्या घराशी जोडे थोडेच होते. एका सोनेरी दाताच्या माणसाने दार उघडलं आणि काही न विचारता तो बाजूला झाला. आत चार-पाच जण होते. एका बाईने तिच्यापुढे चहाचा वाडगा ठेवला. वाडग्यात जेमतेम दोन घोट होते. पाहुण्याला मान द्यायचा तर थोडा थोडाच, पुन्हा पुन्हा ओततात. पण इथे यजमानाच्या वाडग्यातही तेवढाच होता, सगळ्यांच्याच होता. शेजारच्या म्हाताऱ्याचा वाडगा ओठांपर्यंत हिंदकळत गेला, तेव्हा जिपारला कारण कळलं.

“बोलायचं नसेल तर नको बोलूस,” ती बाई म्हणाली.

जिपारने दोन्ही हातांनी वाडगा उचलला. तरीही चहा सांडलाच. कुणी तिकडे पाहिलं नाही. त्या बाईने आपल्या मांडीवरचं लांब फडकं ओढून अर्धं जिपारच्या गुडघ्यांवर पसरलं आणि ती पुन्हा चहा ओतू लागली.