मंडळीचं मशीन

शिंपीणबाई रोज पहाटे पाचला उठायच्या, चूळ भरायच्या आणि शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवून बसायच्या. हीच त्यांची प्रार्थना. आधी तीन आभार, मगच मागणं, असा चर्चच्या पाळकांच्या बायकोने घालून दिलेला नेम सोळा वर्षं चुकला नव्हता. अलीकडे मात्र अंगात त्राण नसायचं. "देवबापा, मशीनसाठी आभार, डोळ्यांसाठी आभार, सुनेसाठी आभार," असं पाढे म्हटल्यासारखं उरकायचं आणि तिथेच डुलकी काढायची.

मशीन त्यांचं नव्हतं, चर्चच्या मंडळीचं होतं. हात चालतील तोवर वापरायचं, मग पुढच्या गरजू बाईला द्यायचं, अशी बोली. त्यांचा नवरा गेला तेव्हा एका म्हातारीने ते असंच दारात आणून ठेवलं होतं. म्हातारी त्यांना आठवत होती. बोली मात्र सोयीने विसरली होती.

परवा पाळकांची बायको आली. "बाई, पलीकडच्या गल्लीतली ती पोर. नवरा गेला, पदरात दोन लेकरं..."

"मग? माझे हात काय गळून पडलेत?"

ती बिचारी चहा पिऊन निघून गेली. मग सुनेने बाईंनीच शिवलेलं एक झबलं पुढे ठेवलं. एक बाही उलटी लागली होती.

"हे काय?"

"वर्ष झालं, आई. तुम्ही निजलात की उसवते नि पुन्हा शिवते. गिऱ्हाईक तुटायला नको."

"आणि आज सांगतेस?"

"तुमच्या तोंडापुढे कोण बोलणार?"

बाईंनी झबलं उजेडात धरलं आणि त्या उलट्या बाहीवरून बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मशीन पुसलं, तेल घातलं, नवा पट्टा चढवला आणि त्या पोरीच्या घरी पोचवलं. "आठवड्याला तेल घाल. सांभाळायला दिलंय हो, माझ्यासारखी मालकीण होऊन बसू नकोस."

पहाटे पाचला त्या सवयीने उठल्या. फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग तेवढे होते. हात कुठे ठेवावे कळेना, म्हणून मांडीवरच राहू दिले.

"देवबापा, सुई ओवायची कटकट गेली, आभार. सोळा वर्षं तुझी वस्तू माझ्याकडे ठेवलीस, आभार." तिसऱ्याला बाई अडल्या. आत सून भांडी लावत होती, आवाज होऊ नये म्हणून एकेक हळू ठेवत. "आणि हिने माझ्यामागे उसवलेल्या प्रत्येक टाक्यासाठी."

मागणं राहूनच गेलं. त्यांचा डोळा लागला होता.