तीन कॉल आणि बारा सेकंद

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चौसष्ट खुर्च्या होत्या. त्यांतल्या तीन डुगडुगणाऱ्या, म्हणजे बसण्याजोग्या एकसष्ट. पडदा एक, स्पीकर दोन, पंखे चार. त्यांतला एक कुरकुरायचा, म्हणून सिनेमा चालू असताना तो बंद. चित्रपट मंडळाचे सभासद अकरा. आणि या अकरा जणांत गेली सहा वर्षं भांडण एकच.

भांडण 'परतीची कक्षा'वरून होतं. अंतराळातला जुना सिनेमा, मंडळ तो दरवर्षी एकदा दाखवायचं. एका लघुग्रहावरचं ठाणं एक बाई एकटीने सांभाळत असते. तिला न्यायला यान यायचं असतं आणि ते येईल की नाही, हे तिलाही ठाऊक नसतं. गोष्ट एवढीच. ती सांगायला सिनेमाला दोन तास एक्केचाळीस मिनिटं लागायची. निम्म्या मंडळाच्या मते त्यातलं एक मिनिट जरी काढलं तरी ते पाप होतं. उरलेल्या निम्म्यांच्या मते तो सिनेमा नव्हताच, दवाखान्याबाहेरचं बाकडं होतं. हे त्यांना 'कासवं' म्हणायचे आणि ते यांना 'ससे'. दोन्ही नावं ज्याची त्याला आवडलेली होती.

कासवांचे पुढारी दातांचे डॉक्टर. "लोकांना आ वासून तासभर बसवायची सवयच आहे त्यांना," असं बेकरीवाला म्हणायचा. बेकरीवाला पक्का ससा. रोज पहाटे चारला उठणारा माणूस, अंधारात बसला की दहाव्या मिनिटाला घोरायला लागायचा. पण सशांची खरी सरदार होती मोजपट्टी.

मोजपट्टी चोवीस वर्षांची. रसायनशास्त्रात पदवी, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. हे नाव मंडळानेच ठेवलेलं. गेल्या वर्षी सगळे पडद्याकडे बघत असताना ही हातात स्टॉपवॉच घेऊन बसली होती आणि नंतर तिने कागद वाचून दाखवला होता: आलेले प्रेक्षक चौतीस, मध्यंतरानंतर उरलेले एकवीस, झोपलेले निदान सहा. सगळ्यांत वाईट प्रसंग टेबलाचा. छपराच्या काचेच्या घुमटातून कॅमेरा सरळ खाली बघतो. खाली एक गोल टेबल, दोन कप, बाईचं डोकं आणि दोन हात. ती बसून राहते आणि मग उठते. नऊ मिनिटं बारा सेकंद.

"यात काय घडतं, डॉक्टर?" तिने विचारलं होतं.

"काहीच घडत नाही, हेच तर घडतं!"

"मग ती नेमकी तेव्हाच का उठते?"

"आशा संपते म्हणून."

"फिल्मचं रीळ संपतं म्हणून," बेकरीवाला म्हणाला होता.

यंदा मात्र ससे जिंकणार होते. याच सिनेमाची एक तास छत्तीस मिनिटांची छोटी आवृत्तीही मिळत होती. या वर्षीपासून तीच दाखवायची, असा ठराव मोजपट्टीने मांडला होता. ससे सहा, कासवं पाच. मतदान पुढच्या रविवारी.

अडचण एकच होती आणि ती घरातच होती. ती म्हणजे आत्या.

आत्याने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली होती. ऐन विशीत एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींबरोबर तिने 'परतीची कक्षा' तीनदा पाहिला होता. गेल्या तीन वर्षांत तिची नजर गेली, आधी कडेची, मग मधली. तिने त्याचं रडगाणं केलं नाही. भाचीला शिस्त मात्र लावली. घरात सगळं घड्याळाच्या आकड्यांवर चालायचं. जेवायला बसलं की "पेला एकवर, चमचा चारवर" असं सांगायचं. 'इकडे' आणि 'तिकडे' हे दोन शब्द बंद. आता यंदाच्या खेळाला हॉलमध्ये बसून तिला तो सिनेमा एकदा पुन्हा बघायचा होता. 'बघायचा' हाच शब्द ती वापरायची.

"तू कानात सांगत जा, मी बघते," ती म्हणाली. "एकदा बघितला की मिटलं. पुढच्या वर्षी नाही मागणार."

"मी सांगेन, पण मला जमलं पाहिजे."

"घरी तालीम करू. ट्रेनिंगशिवाय आम्ही कुणाला बोर्डावर बसवत नव्हतो."

शनिवारी दुपारी तालीम सुरू झाली. निवडून येणार होती ती छोटी आवृत्ती, म्हणून आधी तीच लावली.

"ती दार उघडते," मोजपट्टी सांगू लागली. "नाही, आता बाहेर आहे. मोठा खडक... थांब, परत आत. रेडिओ. कुणाचा तरी फोटो..."

"कुणाचा?"

"गेला तो. आता अंधार."

"कोण मेलं?"

"कुणी नाही मेलं, दिवा गेला."

"मग ते व्हायोलिन एवढं कशाला रडतंय?"

"वेग आहे ना, आत्या, संकलनाला."

"वेग नाही गं, लाइन एंगेज आहे. तू बोलतेस तेव्हा ते बोलतात. ते थांबतात तेव्हा तू दम खातेस. एकही कॉल लागत नाहीये माझा."

विसाव्या मिनिटाला आत्याने हात वर केला. "राहू दे. नाही जमायचं." आवाजात राग नव्हता, पण तिने चप्पल पायाने चाचपून नीट जुळवून ठेवली. बाहेर जायचं रद्द झालं की ती तेच करायची, हे मोजपट्टीला माहीत होतं.

मोजपट्टीने वही काढली. दोन्ही सिनेमे पुढे-मागे करत तिने संवाद नसलेल्या जागा मोजल्या. छोट्या आवृत्तीत अकरा मिनिटं. मोठीत चौऱ्याहत्तर.

"आत्या, चप्पल परत घाल पायात," ती म्हणाली आणि तिने मोठा सिनेमा लावला.

हा जमला. ठाण्याचा लांब बोगदा आला तेव्हा भिंतीवरचे पाइप किती, त्यांतला गळका कुठला, बाई कुठल्या पायावर जोर देऊन चालते, एवढं सगळं सांगून वर घोटभर पाणी प्यायला वेळ उरला. "सुंदर आहे," असं एकदा तिच्या तोंडून निघून गेलं.

"मत नको, माहिती दे," आत्या म्हणाली. "सुंदर आहे की नाही ते माझं मी ठरवीन."

दोन तास उलटले आणि टेबलाचा प्रसंग आला. मोजपट्टीने चाळीस सेकंदांत सगळं सांगून टाकलं. टेबल गोल. बाईचं डोकं सहावर. एक कप मधोमध. तिने दुसरा कप बारावर ठेवला. हात मांडीवर. संपलं.

"पुढे?"

"पुढे काही नाही. आता साडेआठ मिनिटं ती बसणार."

"दुसरा कप बारावर का ठेवला? पाहुण्याचा कप असा काठाशी कोण ठेवतं?"

"ठेवला खरा. मधल्या कपाची सावली पडलीय ना, तिच्या टोकाला अगदी चिकटवून ठेवलाय."

"सावली कुठे आहे?"

"म्हटलं ना, बारा..." मोजपट्टी थांबली. "नाही. एकवर."

"आधी बारावर म्हणालीस."

"आधी बारावरच होती."

मोजपट्टी टीव्हीजवळ सरकली. पडद्यावरची बाई तशीच बसून होती.

"दोनवर," थोड्या वेळाने मोजपट्टी म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढत गेला. "आत्या, सावली फिरतेय! तो लघुग्रह स्वतःभोवती फिरतोय, म्हणून वरून येणारं ऊन फिरतंय. तीनवर आली!"

पुढची जवळजवळ सात मिनिटं त्या घरात फक्त आकडे ऐकू आले. अकरा झाले. बारा झाले. सावलीचं टोक दुसऱ्या कपाला टेकलं आणि त्याच क्षणी बाई उठली.

"एक पूर्ण फेरी!" मोजपट्टी ओरडली. "तिने फेरी मोजण्यासाठी कप ठेवला होता! एक फेरी वाट बघायची, असं ठरवूनच बसली होती ती!"

"अस्सं," आत्या म्हणाली. "डोळे तुमचे आणि दिसायचं मला."

"तू तीनदा पाहिलास, तेव्हा नाही दिसलं?"

"तेव्हा मी तिच्या हातांकडे बघत होते. सगळेच बघतात."

मोजपट्टीने कंपासपेटीतला चांदा शोधून टीव्हीच्या काचेला लावला आणि प्रसंग पुन्हा दोनदा मोजला. दर शेहेचाळीस सेकंदांनी सावली एक घर पुढे. बारा घरं, नऊ मिनिटं बारा सेकंद. कुठे घाई नाही, कुठे आळस नाही. सेटच्या छपरावर कुणीतरी एवढा वेळ जीव मुठीत धरून दिवा फिरवत बसलं असणार. छोट्या आवृत्तीत हाच प्रसंग एक मिनिट पन्नास सेकंदांचा होता आणि सावली दोनवरून थेट सातवर उडी मारत होती.

रविवारी मतदानाआधी ती बोलायला उभी राहिली. आत्याही आली होती, पहिल्या रांगेतल्या न डुगडुगणाऱ्या खुर्चीवर. प्रसंग लावला गेला, तिने सांगितल्याप्रमाणे सगळ्यांनी सावलीवर डोळे ठेवले आणि नऊ मिनिटांत कुणीही खोकलं नाही. बेकरीवाला चक्क जागा होता.

दिवे लागले. डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"सव्वीस वेळा," ते शेवटी म्हणाले. "सव्वीस वेळा पाहिलाय मी हा सिनेमा. काखेत कळसा आणि गावाला वळसा." त्यांचा चेहरा आधी उतरला आणि मग लहान मुलासारखा फुलला. "म्हणजे तिची आशा संपत नाही! ती वेळेवर उठते!"

"आणि म्हणजे काहीतरी घडतं," मोजपट्टी म्हणाली. "तुम्ही म्हणत होता काहीच घडत नाही."

"मान्य. आणि तू म्हणत होतीस कापून टाका."

"तेही मान्य."

"सरदारच फितूर!" बेकरीवाल्याने कपाळावर हात मारला. "आणि काय गं, एवढासा दगड नऊ मिनिटांत गरगर फिरतोय, तर कप टेबलावर टिकतात कसे? उडत कसे नाहीत?"

"ते माझ्या वहीत वेगळ्या पानावर आहे."

हात वर झाले. मोठ्या आवृत्तीला आठ, छोटीला तीन. बेकरीवाल्याचं मत छोटीलाच गेलं. "कळलं म्हणून झोप थोडीच थांबते," तो म्हणाला.

मग डॉक्टर घसा साफ करत आत्यापाशी आले. "ताई, एक विनंती होती. सांगायला संकोच वाटतो. बाकीच्या सिनेमाभर हिने तुमच्या कानात खुशाल बोलावं, शेवटच्या रांगेत मी स्वतः तुम्हाला जागा धरतो. पण टेबलाच्या प्रसंगात हॉल अगदी चिडीचूप असतो. तेवढी नऊ मिनिटं..."

"तेवढ्यात कुणी बोललंच तर मी उठून जाईन," आत्या म्हणाली. "सुरू झालं की हिने माझा हात दाबावा. पुढचं मला दिसतं."

"ते कसं?"

"ट्रंक कॉल तीन मिनिटांचा. ती झाली की आम्ही लाइनवर बोलायचो, 'तीन मिनिटं झाली, वाढवायचे?' अठ्ठावीस वर्षं. घड्याळ समोर असायचं, पण बघायला कधी लागलं नाही. हा तर तीन कॉलचा प्रसंग. तीन कॉल आणि वर बारा सेकंद."

डॉक्टरांनी मोजपट्टीकडे पाहिलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "अंडी उकडताना मी अकरा वेळा तपासलंय. तीन मिनिटांमागे चूक सरासरी चार सेकंद."

खेळ महिनाभराने झाला. सत्तेचाळीस जण आले. वाचनालयाच्या दारावर मोजपट्टीने एक ओळ लिहून लावली होती: 'टेबलावरच्या सावलीकडे लक्ष ठेवा.' डॉक्टरांना ती ओळ आगाऊपणाची वाटली होती, तरी कागद चिकटवताना वरची दोन टोकं त्यांनीच धरली होती. मध्यंतरानंतर चव्वेचाळीस जण उरले. आत्याने ठेवणीतला कोट घातला होता. पहिले दोन तास तिने कान भाचीकडे आणि तोंड पडद्याकडे ठेवलं, पाइप मोजून घेतले, गळका कुठला ते विचारून घेतलं आणि एकदा "दार लावलं का तिने?" असं एवढ्या मोठ्याने म्हणाली की पुढची रांग हसली.

मग कॅमेरा घुमटातून खाली बघू लागला. बाईने दुसरा कप बारावर ठेवला. मोजपट्टीने आत्याचा हात दाबला आणि दुसऱ्या हातातलं स्टॉपवॉच सुरू केलं.

कुरकुरणारा पंखा बंद होता. दोन रांगा पुढे बेकरीवाल्याची मान खाली गेली, मग त्याने ती स्वतःच वर घेतली. डॉक्टर ओठ न हलवता घरं मोजत होते. बोटं मात्र गुडघ्यावर एकेक करून उघडत होती. आत्याचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा एखाद्या लांबच्या गावाची लाइन धरून बसल्यासारखा सावध, खूश.

सावली अकरावरून पुढे सरकली. आत्याने हात दाबला. मोजपट्टीने बटण दाबून घड्याळ वाचलं: नऊ मिनिटं दहा सेकंद.

पडद्यावरची बाई दोन सेकंदांनी उठली.