डाव्या खांद्याची दुनळी

आत्याचा भाऊ गेला आणि पुतण्याने घर रिकामं करायला घेतलं. कपाटं गेली, भिंतीवरची घड्याळं गेली, जेवणाचं लांबलचक टेबलही गेलं. आत्याने कशालाच हरकत घेतली नाही. तिने लग्न केलं नव्हतं. सगळा जन्म भावाच्या घरात मागच्या खोलीत काढला होता आणि एका ट्रंकेपलीकडे स्वतःचं म्हणून काही जमवलं नव्हतं. पण दुनळी बंदुकीची पेटी बाहेर आली तेव्हा ती हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि कोणी बस म्हणायच्या आत खुर्ची ओढून बसली.

लिलावासाठी जुन्या बंदुकांचं मोल ठरवणारा पारखी त्या दिवशी घरी आला होता. किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. त्याने सुती हातमोजे चढवले, पेटीतून खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता आणि नळ्या वेगवेगळ्या काढल्या. नळ्या खिडकीच्या उजेडाकडे धरून एका डोळ्याने आरपार पाहिलं. मग त्या बोटावर टांगून दुसऱ्या हाताच्या पेराने हलकेच टकटक केलं. घंटेसारखा स्वच्छ नाद घुमला.

“जोड पक्का आहे,” तो म्हणाला. “आत गंज नाही. नक्षी हाताने कोरलेली, घोडे मूळचे. चांगली सांभाळलीय कोणीतरी.”

‘मी,’ आत्या मनात म्हणाली. दर पंधरवड्याला तेलाचं फडकं तीच फिरवत आली होती. भावाने त्या बंदुकीला हात लावलेला तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

“आणि हिला इतिहास आहे,” पुतण्याने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. फोटोत तरुण भाऊ उभा होता, उंचापुरा, एका हातात चषक, दुसऱ्या हातात हीच दुनळी. “बाबा सलग तीन वर्षं नेमबाजीत पहिले आले होते. याच बंदुकीने. पुढे ती स्पर्धा भरवणाऱ्या क्लबचे अध्यक्षही झाले.”

“नावाजलेल्या माणसाची बंदूक असली की भाव दुपटीवर जातो,” पारखी म्हणाला. पुतण्याचा चेहरा खुलला.

पारख्याने नळ्या दस्त्याला जोडल्या, बंदूक खांद्याला लावली आणि थबकला. पुन्हा लावून पाहिली. त्याची मान अवघडली होती. त्याने फोटोकडे पाहिलं, मग दस्त्याकडे.

“तुमच्या वडिलांचे हात लांब होते,” तो सावकाश म्हणाला. “हा दस्ता चांगला चार बोटं कापलाय. आणि नुसता कापलेला नाही, वाकवलाय. डाव्या खांद्यासाठी. वडील डावखुरे होते?”

“छे. म्हणजे... मला नाही वाटत.”

“मग त्यांनी हिने नेमासाठी उडवलेली एक तबकडीही फोडली नसणार.”

पुतण्या आत्याकडे वळला. वडिलांच्या तरुणपणाचं काही विचारायचं तर आता तीच एक उरली होती.

“आत्या, तू तरी सांग यांना.”

आत्याने डाव्या हाताने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला.

“सांगते. दस्ता माझ्या मापाचा आहे. आमच्या वडिलांनी माझ्यासाठी कापून घेतला होता. त्या स्पर्धेत बायकांना उभं राहू देत नव्हते, म्हणून दादाच्या नावावर मी उतरले. त्याचा कोट, त्याची टोपी. स्पर्धा तेव्हा परगावी भरायची, आम्हाला तिथे ओळखणारं कोणी नव्हतं. चषक घ्यायला तेवढा तो पुढे गेला.”

“तीनही वर्षं?”

“तीनही वर्षं. पहिल्यांदा आम्हाला गंमत वाटली. पोट धरून हसलो दोघं. मग त्याला सत्कार मिळायला लागले, त्या नावावर नोकरी लागली, तुझ्या आईचं स्थळ आलं. तेव्हा मला म्हणाला, आता तू बंदुकीला हात लावू नकोस, लोक ओळखतील. स्वतःही कधी मैदानात उतरला नाही. खांदा दुखतो म्हणून सांगायचा.”

“आणि तू गप्प बसलीस?”

“त्याच्या हयातीत त्याची लाज काढायची नव्हती. आता तो नाही. आणि तू माझं नेम धरणं त्याच्या नावावर विकायला निघालायस.”

पुतण्याचे कान लाल झाले. “आत्या, आता या वयात कशाला हे उकरून काढतेस? कोणाचं काय भलं होणार आहे? बाबांचं नाव राहू दे. तुला काय कमी पडलं या घरात?”

“जेवणखाण, कपडालत्ता, काही कमी पडलं नाही,” आत्या म्हणाली. “पण ते दिलं म्हणून माझा खांदा विकत घेतला असं होत नाही. खोटं लिहिलंत तर लिलावाच्या दिवशी मी तिथे येऊन उभी राहीन आणि सगळ्यांसमोर सांगेन. आवाज अजून शाबूत आहे माझा.”

पारखी हातमोजे काढत म्हणाला, “चालवून पाहिल्याशिवाय मी मोल लिहून देत नाही. उद्या सकाळी मैदानावर आणा. आजी, तुम्ही चालवाल?”

“म्हातारीचा खांदा निखळेल,” पुतण्या म्हणाला.

“निखळला तर माझा निखळेल,” आत्या म्हणाली.

सकाळी पुतण्यानेच गाडी चालवली. मैदानावर वारा होता. पारख्याने हलकी काडतुसं आणली होती. आधी त्याने बंदूक कठड्याला बांधून, लांबून दोरीने चाप ओढून नळ्यांची खात्री केली. मग ती आत्याच्या हातात दिली. दस्ता डाव्या खांद्यात असा बसला, जणू कालच खाली ठेवला होता. पण हात कालचे नव्हते. नळ्यांचं टोक थरथरत होतं.

“सोड,” ती तबकड्या उडवणाऱ्या मैदानाच्या राखणदाराला म्हणाली. मातीची तबकडी उडाली, बार झाला, तबकडी सुखरूप गवतात पडली. दुसरीही तशीच गेली. राखणदार दात काढत होता. पुतण्या पुढे आला. “झालं ना आत्या? चल आता.”

“बाजूला हो. तू वाऱ्याच्या तोंडाशी उभा आहेस.”

तिसऱ्या तबकडीची कड तेवढी उडाली. तिने काडतुसं भरली, पाय जरासे फाकवले, श्वास सोडला. डोळ्यांनी तबकडीच्या मागे धावायचं नाही, पुढे जाऊन थांबायचं, हे तिला आठवावं लागलं नाही, अंगालाच आठवलं. चौथी तबकडी हवेत फुटून तिची धूळ झाली. पाचवीही. नंतरची एक गेली, पुढची पुन्हा फुटली. राखणदाराचं हसू विरलं आणि त्याने डोक्यावरची टोपी नीट केली. आत्याचा खांदा ठणकत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते वाऱ्यानेच आलंय असं सांगायची तिला गरज वाटली नाही.

पुतण्याने वाकून गवतातली एक ठिकरी उचलली. “बाबांनी मला कधीच काही सांगितलं नाही,” तो म्हणाला.

“त्याला जमलं नसतं रे. वाईट नव्हता तो. घाबरट होता.”

पारख्याने जे पाहिलं-ऐकलं ते लिहिलं: दस्ता डावखुऱ्या स्त्रीच्या मापाचा, विजेती तीच. मोल त्याने पहिल्या अंदाजापेक्षा बरंच खाली धरलं. “खरं बोललात म्हणून भाव वाढेल असं मी सांगणार नाही,” तो म्हणाला. “कापलेला दस्ता तो कापलेलाच.”

“कमी तर कमी,” आत्या म्हणाली.

बातमी क्लबपर्यंत पोचली आणि चिटणिसाचा फोन आला. तो भलताच तापला होता. नियम मोडून मिळवलेली विजेतेपदं रद्द करावी लागतील, विजेत्यांच्या फलकावरून अध्यक्षांचं नाव खोडावं लागेल, म्हणाला. माफीचं पत्र दिलंत तर विचार करू.

“माफी कसली?” आत्याने विचारलं. “तुमचे सगळे गडी माझ्या मागे राहिले त्याची? नाव खुशाल खोडा. त्या जागी माझं लिहा. लिहायचं नसेल तर जागा मोकळी ठेवा.”

तिने फोन ठेवला. पुतण्या दारात उभा राहून ऐकत होता. तो आत आला, भिंतीवरचा फोटो काढला, पुसून आत्याच्या खोलीत नेऊन ठेवला. दुनळी विकायची की नाही यावर दोघांचं त्यानंतर आठवडाभर वाजत होतं. शेवटी आत्यानेच विकायला सांगितली. जो घेईल त्याने ती चालवावी, पेटीत निजवू नये, एवढी एकच अट घातली.

क्लबने नाव खोडलं. दुसरं लिहिलं नाही. आत्या एका सकाळी मुद्दाम तिथे गेली, कोणाची परवानगी न विचारता फलकाखाली खुर्ची मांडून बसली. नेमबाजीच्या कपड्यांतली एक तरुणी थांबून वर बघू लागली आणि म्हणाली, “या तीन वर्षांत स्पर्धा झाल्याच नव्हत्या का?”

“झाल्या होत्या,” आत्या म्हणाली. “बैस, सांगते.”