निम्म्या हप्त्याचा कागद

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे, आणि जुना म्हणजे अवघा चौदा महिन्यांचा. आमच्या कुळात वर्षभरातच म्हातारपण येते. मोटारीच्या विम्याचा कागद म्हणतात मला. जन्माच्या दिवशीच माझ्या कपाळावर मरणाची तारीख छापलेली होती, आणि ती उलटून दोन महिने झाले. आता मला कोणी विचारत नाही. तरीही बोलल्यावाचून राहवत नाही, कारण जे पाहिले त्याच्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

गाडी होती ताईची. ताई शिलाई मशीन दुरुस्त करते. शहराच्या तीन टोकांना कपडे शिवणारे तीन कारखाने आहेत. तिथल्या सगळ्या मशीनची देखभाल तिच्याकडे होती. एक मशीन अडले की पुढची सगळी रांग हात बांधून बसते, म्हणून फोन आल्यावर तासाभरात पोहोचायचे, असे तिच्या करारातच लिहिलेले. तिची हत्यारांची पेटी उचलताना भलेभले कण्हतात. म्हणून तिने जुनी पण दमदार गाडी घेतली. ती गाडी फिरली तर घर चालायचे.

घरात दुसरे माणूस म्हणजे ताईचे बाबा. चाळीस वर्षे त्यांनी कापडाच्या दुकानात कापड मोजून दिले, म्हणून सगळी इमारत त्यांना मीटरकाका म्हणते. माणूस लाखात एक, पण एक खोड भारी. पहिला भाव मान्य करणे म्हणजे त्यांना नाक कापल्यासारखे वाटायचे. विमा उतरवायची वेळ आली तेव्हा ते ताईला म्हणाले, "तू कारखान्यात जा. हे काम माझ्यावर सोड." आणि ताईने खरेच सोडले.

विम्याच्या एजंटबाईंचे ऑफिस एका जिन्याखाली होते. टेबल, संगणक, दोन खुर्च्या, संपले. मी तेव्हा पडद्यावर होतो, पूर्ण अंगाचा, धडधाकट. बाईंनी मला नीट समजावून सांगितले. गाडीने दुसऱ्या कोणाचे नुकसान केले तर त्याची भरपाई, हा पहिला भाग, तो घ्यावाच लागतो. आपली स्वतःची गाडी मोडली, जळली, चोरीला गेली तर तिची भरपाई, हा दुसरा. चालवणाऱ्याला दुखापत झाली तर तिसरा. शिवाय रस्त्यात बंद पडल्यास मदत वगैरे जादा सोयी.

"किती?" काकांनी विचारले. बाईंनी आकडा सांगितला. काका हसले. ते हसणे मी जन्मात विसरणार नाही.

"बाई, मी पण दुकानात उभा राहिलोय. खरा भाव बोला."

"काका, हा खराच आहे. कमी करायचा तर रस्त्यातली मदत काढू. नाहीतर असं करा, दर वेळी पहिला थोडा खर्च तुम्ही सोसायचा, वरचा आम्ही. हप्ता बराच उतरतो."

"ते राहू दे. अजून खाली या."

"अजून खाली म्हणजे मग स्वतःच्या गाडीचा भागच काढावा लागेल. गाडीचं काही झालं तर एक पैसा मिळणार नाही, सांगून ठेवते."

बाईंनी इतके स्वच्छ सांगितले हो! पण काकांच्या कानांनी वेगळेच ऐकले. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की दुकानदार घाबरवतोच, त्यांनीही जन्मभर घाबरवले होते. ते खुशाल म्हणाले, "काढा! माझी पोरगी गाडी फुलासारखी चालवते." आणि माझा दुसरा भाग पडद्यावरून पुसला गेला. मी हादरलो. अहो, जन्माच्या आधीच माझे निम्मे अंग गेले!

मग बाई म्हणाल्या, "चालवणाऱ्याच्या दुखापतीचा भाग मात्र ठेवा. तो फक्त दुसरीकडे तसा विमा असेल तरच काढता येतो. आहे का दुसरा?"

"आहे की!" काका डोळ्यांची पापणीही न लववता म्हणाले.

मित्रांनो, तसा कुठलाही विमा नव्हता. शेजारच्या दुकानात याहून स्वस्त मिळते, असे गिऱ्हाईक ठोकून देते ना, तसेच ते बोलून गेले. बाईंनी ते टंकले. काकांनी खाली सही केली. छपाईयंत्र घरघरले आणि मी कोमट अंगाने बाहेर पडलो. दोन पाने, त्यात निम्मी जागा कोरी.

त्या दिवशी माझे जे कौतुक झाले ते विचारू नका. काकांनी मला इमारतीच्या जिन्यात सगळ्यांपुढे फडकवले. "निम्म्यात आणला, निम्म्यात! सगळं बसवून घेतलं!" चष्म्याचे दुकान असलेले भाऊ तोंडात बोट घालून बघत राहिले. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी विचारले, "काका, आम्हाला पण शिकवा की ही युक्ती." काकांनी हौसेने शिकवली. त्याच आठवड्यात दोन्ही घरांत माझ्यासारखेच अर्धवट कागद आले. मला वाचले मात्र कोणीच नाही. ताईने संध्याकाळी दमून येऊन एवढेच विचारले, "सगळं आहे ना बाबा यात?" काका म्हणाले, "सगळं." तिने मला डॅशबोर्डच्या खणात ठेवले.

खणात माझ्या सोबतीला होते एक बंद पडलेले पेन, गोळ्यांचे कागद आणि सुटे बटण. एकदा काच पुसायला फडके सापडेना म्हणून मला बाहेर काढले, मग जीभ चावून परत ठेवले. एकदा माझ्यावर चहाचा पेला टेकवला. दहा महिने गेले. रोज ताई किल्ली फिरवायची आणि रोज माझा जीव खालीवर व्हायचा. मला ओरडून सांगावेसे वाटे, की ताई, माझ्या भरवशावर राहू नकोस. पण कागदाला वाचल्याशिवाय तोंड फुटत नाही.

आणि मग ती सकाळ आली. तिसऱ्या कारखान्याचा फोन आला होता. ताई भरधाव नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. गल्लीतून एक हातगाडी अचानक आडवी आली. ताईने तिला वाचवायला चाक फिरवले आणि गाडी थेट एका बंद औषध दुकानाच्या शटरवर आदळली. केवढा आवाज! खण उघडला, मी ताईच्या पायाशी जाऊन पडलो. मागची हत्यारांची पेटी पुढे फेकली गेली होती. ताईचा उजवा हात मनगटापासून भलत्याच दिशेला वळलेला मी पाहिला. ती रडत नव्हती. ती हाताकडे नुसती बघत होती.

चार दिवसांनी आम्ही गॅरेजात भेटलो. ताईच्या मनगटात धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले होते, हात गळ्यात बांधलेला. गाडीचे तोंड आत गेलेले. काका तिला धीर देत होते, "अगं, विमा कशासाठी काढला? गाडी नवी करून घेऊ. दवाखान्याचंही मिळेल." विमा कंपनीचे पाहणी करणारे साहेब आले, त्यांनी माझी घडी उघडली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी वाचले.

"दुकानदाराच्या शटरचा पूर्ण खर्च आम्ही देऊ," साहेब म्हणाले.

"छान. आणि गाडीचा?" काकांनी विचारले.

"गाडीचा भाग यात नाही."

काका हसले. तेच हसणे, पण अर्ध्यातच थांबले. "नाही म्हणजे? बरं, पोरीच्या हाताचा?"

"तोही नाही. इथं लिहिलंय की चालकाचा वेगळा अपघात विमा असल्याचं तुम्ही कळवलंत. खाली सही आहे. तो विमा दाखवा, त्यातून मिळेल."

गॅरेजवाल्यांनी हातातला पाना खाली ठेवला. ताई काकांकडे वळली. "कुठला दुसरा विमा, बाबा?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांना चावलो होतो. मग एवढेच म्हणाले, "भाव पाडायला बोललो गं मी."

आणि माझे म्हणाल तर मला स्वतःचीच लाज वाटली. परक्याचे शटर मी नवे कोरे करून देणार होतो, आणि जिच्या गाडीत दहा महिने राहिलो तिच्या मोडलेल्या हातासाठी माझ्याकडे एक ओळ नव्हती. कापड स्वस्तात मिळाले तरी मीटर तेवढेच मिळते, हे काकांना चाळीस वर्षे ठाऊक होते. इथे भाव उतरताना कापडच आखूड होत गेले, आणि ते त्यांनी आपल्याच तोंडाने कापायला लावले.

ताई त्यांना एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. गाडी आहे तशी गॅरेजवाल्यांना विकली आणि ते पैसे दवाखान्यात गेले. लांबचा कारखाना सुटला, तासाभरात तिथे पोहोचणार कशी? उरलेल्या दोन कारखान्यांत ताई बसने जाते. हाताला अजून जोर नाही, त्यामुळे पेटी काका उचलतात. सत्तरीचा माणूस, थांब्यापर्यंत जाताना दोन वेळा टेकतो. कारखान्यात ताई डाव्या हाताने मशीन उघडते आणि ती मागेल तो पाना काका पुढे करतात. परवा ती पहिल्यांदा म्हणाली, "बाबा, हा नाही, त्याच्या शेजारचा." काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. महिनोन्महिने ती त्यांच्याशी न बोलता फक्त बोट दाखवत होती.

आता मी काकांच्या शर्टाच्या खिशात असतो. ज्या जिन्यात त्यांनी मला फडकवले, त्याच जिन्याने ते मला घेऊन घरोघर गेले. "माझं चुकलं," असे दारात उभे राहून सांगायला केवढी छाती लागते, ते मी त्या खिशातून ऐकले आहे. नर्सबाईंनी आपला कागद दारातच उघडला. "काका, मी रोज मोडलेली हाडं बघते हो. मला कसं सुचलं नाही?" म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन त्यांनी कागद बदलून आणला. पूर्ण अंगाचा. पहिला थोडा खर्च स्वतः सोसायचा ठरवला, तर हप्ताही त्यांना झेपला.

चष्मेवाल्या भाऊंनी मुदत संपल्यावर तसलाच अर्धवट कागद पुन्हा घेतला होता. ते मात्र म्हणाले, "रविवारी बघतो काका, निवांत." तसे पाच रविवार झाले. काका दर रविवारी जातात, भाऊ दर रविवारी चहा पाजतात. दिवसभर लोकांना बारीक अक्षर दिसावे म्हणून भिंगे बसवणारा हा माणूस! त्याला दोन पाने उघडायला वेळ होत नाही, याचे मला नवल वाटावे की भीती, तेच कळत नाही.

मित्रांनो, मोठी माणसे निवांत वेळेची वाट पाहतात. तुम्ही पाहू नका. आज घरी गेलात की गाडीचा खण उघडा, माझ्या भाऊबंदाला बाहेर काढा आणि आईबाबांपुढे तो मोठ्याने वाचा. कितीला पडला, हे मागाहून विचारा. आधी विचारा, यात काय नाही? आणि विमा घेताना विचारलेल्या प्रश्नाला कोणी खोटे उत्तर दिले असेल, तर ते आजच दुरुस्त करायला लावा.

आणि तुमच्यापैकी कोणी चष्मेवाल्या भाऊंच्या ओळखीचे असेल, तर पाया पडतो, आधी तिकडे जा. त्यांची मुलगी कालपासून गाडी शिकायला लागली आहे.